फुंकरीच्या अंतरावर

वडिलांच्या नाण्यांच्या डब्यात पन्नास फ्रँकची एक नोट होती. त्यांचा एक मित्र कामानिमित्त फ्रान्सला जाऊन आला, त्याने आणलेली. आम्हा भावंडांना तिचं फार अप्रूप होतं. तेव्हाच्या आपल्या बहुतेक नोटांवर अशोकस्तंभ असे, माणूस नसे. गांधीजी सरसकट सगळ्या नोटांवर आले ते पुढे १९९६ पासून. आणि या नोटेवर माणूस होता, तोही गालातल्या गालात हसणारा. केस पांढरे, गळ्याशी लेसची झालर, आणि नजर अशी, की आपण नोट हातात घेऊन काय करतोय ते त्याला आधीच कळलंय. भावाच्या मते हा त्यांचा राजा. वडील म्हणायचे, राजा असता तर असा हसला नसता. मी नावातलं ‘टूर’ तेवढं वाचलं आणि हा कुणी मोठा प्रवासी असणार असं ठरवून टाकलं.

तो प्रवासी नव्हता. आयुष्याची साठेक वर्षं त्याने पॅरिस आणि आसपासच घालवली. मोरिस काँतँ द ला तूर, जन्म १७०४, मृत्यू १७८८. धंदा चेहरे काढण्याचा. हे मला कळलं तेव्हा मी चाळिशीला आले होते, आणि त्याहून पुढचं जे कळलं त्याने मी नोट पुन्हा डब्यातून काढून पाहिली. हा माणूस तैलरंगात काम करत नसे. तो कोरड्या पेस्टलने काढायचा, म्हणजे रंगाच्या भुकटीने. नोटेवरचं चित्रसुद्धा मुळात त्याने स्वतःच भुकटीत काढलेल्या स्वतःच्या चेहऱ्यावरून घेतलेलं. ज्या चित्राला बोटाचं टोकही लागलेलं चालत नाही, त्याची नक्कल १९७६ पासून पुढची पंधरा-सोळा वर्षं छापली जात होती आणि फ्रान्सभर वाण्याच्या गल्ल्यात, खाटकाच्या खिशात, ओल्या हातांतून फिरत होती. ही गंमत ज्याने नोटेसाठी त्याची निवड केली त्याच्या डोक्यात होती की नाही कोण जाणे.

भुकटीचं मला एवढं का, ते सांगायला हवं. माझी आत्या रांगोळीतून व्यक्तिचित्रं काढते. ठिपक्यांची रांगोळी नव्हे. जमिनीवर सहा बाय चार फुटांत आख्खा चेहरा, डोळ्यातल्या पाण्यासकट. पांढऱ्या रांगोळीत कोरडे रंग मिसळून ती छटांचे द्रोण आधी तयार करून ठेवते. एकट्या गालासाठी नऊ-दहा द्रोण. मग चाळणीने पातळ थर, त्यावर चिमटीतून सोडलेली भुकटी, आणि कडा मऊ करायच्या असतील तिथे नुसत्या बोटाचा अलगद स्पर्श. दोन दिवस ती जमिनीवर ओणवी असे. दिवाळीत एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं. मी आठवीत असतानाची गोष्ट. शेवटचा हात फिरवून आत्या पाणी प्यायला उठली आणि कुणीतरी, उकडतंय म्हणून, बिचाऱ्याने चांगल्या भावनेने पंखा लावला. आम्ही ओरडलो तोवर एका म्हाताऱ्या वारकऱ्याचा डावा गाल त्याच्या पागोट्यावर जाऊन बसला होता. आत्या रडली नाही की चिडली नाही. खाली बसली, केरसुणीच्या दोन काड्यांनी जास्तीची भुकटी बाजूला केली, आणि म्हणाली, ‘पंखा बंद कर आधी. मग बोलू.’

पेस्टलची कांडी म्हणजे काय, तर दळलेला रंग, त्यात पांढरी माती किंवा खडूची पूड, आणि हे सगळं जेमतेम एकत्र धरून ठेवील इतकाच डिंक. डिंक जास्त झाला तर कांडी कडक होते आणि कागदावर ओरखडे काढते. कमी झाला तर बोटात चुरा. कागद खरखरीत लागतो, कारण त्याच्या तंतूंत ती भुकटी नुसती अडकून बसायची असते. ला तूर बहुतेक निळा कागद घ्यायचा, तो कापडावर चिकटवून चौकटीवर ताणायचा. ना तेल, ना पाणी, ना वाळण्याची वाट पाहणं. रंग आणि कागद यांच्यात जे काही नातं आहे ते फक्त घर्षणाचं. म्हणून अशा चित्रावर काच लागतेच, आणि त्या काळी मोठी सलग काच ही चैनीची वस्तू होती. १७४१ साली त्याने न्यायाधीश गाब्रिएल बेर्नार द रियो याचं जे चित्र काढलं ते जवळपास दोन मीटर उंच आहे. लाल-काळा झगा, केसांचा टोप, पुस्तक, गालिचा, पडदा, सगळं भुकटीत. आता ते लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. ते अटलांटिकपार कसं नेलं असेल, या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो. गाडीचा प्रत्येक हादरा म्हणजे न्यायाधीशमहाराजांच्या अंगावरून गळणारी धूळ.

ला तूर उत्तर फ्रान्समधल्या, पिकार्दीतल्या साँ-काँतँ या गावचा. बाप तिथल्या चर्चमध्ये गाणारा. पोरगा पंधराच्या आसपास पॅरिसला चित्रकाराकडे उमेदवारीला गेला. वेळ त्याला बरी सापडली. १७२० साली व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा पॅरिसला आली आणि वर्षभर राहिली. तिच्या पेस्टलमधल्या मऊ, दुधी चेहऱ्यांनी दरबार वेडा झाला आणि ती गेल्यावरही वेड राहिलं. ते मागणारे श्रीमंत होते, बसायला वेळ नसलेले होते, आणि भुकटीचं काम तैलरंगाहून झटपट होतं.

मला मात्र आणखी एक कारण जाणवतं. तो सगळा समाजच भुकटीने माखलेला होता. पुरुषांच्या टोपांवर पिठाची पावडर, बायकांच्या केसांवर पावडर, चेहऱ्यावर सफेदा, गालांवर लाली. सकाळी केसांवर पावडर उडवताना तोंडासमोर कागदाचा शंकू धरायचे, म्हणजे ती नाकातोंडात जात नसे. अशा माणसांचं चित्र काढायला भुकटीहून दुसरं जवळचं साधन कोणतं? तेलात पावडरीचं सोंग आणावं लागतं. पेस्टलमध्ये ती जशीच्या तशी येऊन बसते. ला तूरने काढलेल्या कोटाच्या खांद्यावर टोपातून सांडलेली पावडर दिसते तेव्हा ते पावडरीचं चित्र आहे की पावडरच आहे, हा प्रश्न निरर्थक होतो.

पण रोझाल्बाच्या आणि त्याच्या हातात मोठा फरक. तिने रंग रंगात विरवून टाकले. हा माणूस खालचा थर बोटाने घासून मऊ करायचा आणि त्यावर वेगळ्या, सुट्या, न पुसलेल्या रेघा ओढायचा. जवळून पाहिलं तर गालावर हिरवट रेघ आहे, जबड्याखाली निळी, नाकपुडीच्या कडेला विटकरी. दोन पावलं मागे सरलं की त्या सगळ्या त्वचेत बुडून जातात. आत्याच्या भाषेत सांगायचं तर तो चाळणीवर थांबला नाही, चिमटीवर आला.

१७३७ साली चित्रकार-शिल्पकारांच्या शाही अकादमीने त्याला उमेदवार म्हणून आत घेतलं आणि त्याच वर्षीच्या सालोंमध्ये, म्हणजे लूव्रमधल्या जाहीर प्रदर्शनात, त्याने आपलं हसरं चित्र लावलं. त्याआधी १७३५ मध्ये लेखक व्होल्तेरचं चित्र काढून त्याने नाव कमावलंच होतं. पुढची तीसेक वर्षं ज्याला त्याला ला तूरकडून चेहरा काढून हवा होता. आणि तो भाव खायचा. पैशाने तर खायचाच, पण वागण्यानेही. राजकन्या वेळेवर बसायला आल्या नाहीत म्हणून त्यांची चित्रं त्याने अर्धी सोडली, असं सांगतात. पंधराव्या लुईसमोर एकदा तो राजकारणावर बोलायला लागला आणि म्हणाला, ‘महाराज, आपल्याकडे आरमारच नाही.’ राजाने शांतपणे विचारलं, ‘का? व्हेर्ने आहे की!’ व्हेर्ने म्हणजे समुद्राची आणि जहाजांची चित्रं काढणारा चित्रकार. राजा एरवी कसाही असो, हा टोला मला फार आवडतो. लेखक मार्मोंतेलनेही आठवणीत लिहून ठेवलंय की मादाम जोफ्रँच्या घरच्या सोमवारच्या कलावंतांच्या जेवणात ला तूरला चित्रकलेवर बोलणं कमीपणाचं वाटायचं, तो युरोपचं भवितव्य ठरवत बसायचा. असा एक काका प्रत्येक लग्नाच्या पंगतीत असतो.

या सगळ्या किश्शांचा राजा म्हणजे पाँपादूरच्या चित्राचा. मादाम द पाँपादूर ही राजाची प्रिया, आणि १७५०च्या पुढे प्रियेपेक्षा सल्लागार मैत्रीण जास्त. तिचं चित्र काढायला ला तूर व्हर्सायला गेला तो या अटीवर, की काम चालू असताना कुणी आत यायचं नाही. गेल्यावर त्याने बुटांचे बक्कल सोडले, मोज्यांचे बंद सोडले, टोप काढून एका दिवट्याच्या खुंटीला अडकवला, डोक्याला रेशमी टोपी घातली आणि कामाला लागला. मध्येच दार उघडलं आणि राजा आत आला. हा उठला, टोपी काढली, म्हणाला, ‘बाईसाहेब, दार बंद राहील असं आपण कबूल केलं होतं,’ आणि सामान गोळा करून बाहेर पडला. पुढे मोबदल्याचे म्हणून ४८,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मागितले आणि २४,००० मिळाले तेव्हा फुगून बसला, असंही त्याच कथेचं शेपूट आहे. यातलं मीठमसाला किती आणि भाजी किती हे आता सांगणं कठीण. पण चित्र आहे, आणि ते मी पाहिलंय.

काही वर्षांपूर्वी भाचीकडे पॅरिसला गेले होते. लूव्रमध्ये मोनालिसासमोरचा लोंढा टाळून आम्ही पेस्टलच्या दालनात गेलो. पहिलं जाणवलं ते म्हणजे अंधार. दिवे इतके मंद, की डोळे सरावायला मिनिट-दोन मिनिटं लागली. भाची म्हणाली, ‘मावशी, इथे बहुतेक लाइट गेलीये.’ लाइट गेली नव्हती. कागद आणि रंग उजेडाने उडतात, म्हणून हा जपलेला संधिप्रकाश. त्या अंधारात समोर ती बसलेली, जवळजवळ पावणेदोन मीटर उंच, १७५५च्या सालोंमध्ये लोकांपुढे आलेली पाँपादूर.

ती दागिन्याशिवाय आहे. राजाच्या बाईच्या अंगावर एक मोतीही नाही. आहे तो फुलवेलींचा रेशमी झगा, हातात स्वरलिपीचे कागद, मान बाजूला वळलेली, जणू कुणी आलंय. खरा दागिना टेबलावर मांडलाय. पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता येतात. मोंतेस्क्यूचा कायद्यांवरचा ग्रंथ, व्होल्तेरचं महाकाव्य, आणि ज्ञानकोशाचा चौथा खंड. दिदरो आणि दालांबेर यांच्या या ज्ञानकोशाचे पहिले दोन खंड १७५२ साली राजाच्याच मंत्रिमंडळाने बंद पाडले होते. त्याच्या पुढचा खंड राजाच्याच मैत्रिणीच्या टेबलावर, आख्ख्या पॅरिसला दिसेल असा. हे तिने ठरवलं, चित्रकाराने की दोघांनी मिळून, कोण जाणे, पण त्या भुकटीत ती पुस्तकं म्हणजे जाहीरनामाच आहे. खाली लोंबणाऱ्या एका छापील चित्रावर तिचं स्वतःचं नाव, कोरणारी म्हणून.

आता खरं सांगते. मला ते चित्र फारसं आवडलं नाही. रेशीम अप्रतिम, टेबलाचा सोनेरी पाय अप्रतिम, तिची चप्पल तर हातात घ्यावीशी. पण चेहरा या सगळ्याच्या गर्दीत पाहुण्यासारखा वाटतो. आणि तो पाहुणा आहेच. एवढा मोठा सलग कागद मिळत नसे, म्हणून हे चित्र अनेक कागद जोडून केलंय आणि चेहऱ्याचा तुकडा वेगळा आहे. तिने बसून दिलं ते त्या छोट्या कागदापुरतं. तो कागद मग मोठ्या चित्रात चिकटवला आणि बाकीची बाई त्याभोवती बांधली. नजर तिरकी करून, मंद उजेडात, मी त्या जोडाची कड शोधत उभी होते. मला वाटतं सापडली. भाचीला नाही सापडली.

ही त्याची नेहमीची पद्धत. आधी हातभर निळ्या कागदावर नुसतं तोंड. केस नाहीत, मान नाही, अंग नाही. मुखवटा काढून ठेवावा तसा चेहरा, भोवती कागदाचा उघडा निळा-करडा. फ्रेंचमध्ये याला ‘प्रेपारासिओं’ म्हणतात. आपण त्याला पूर्वतयारी म्हणू, पण त्यात त्याच्यावर अन्याय होतो. साँ-काँतँच्या आंत्वान लेक्युये संग्रहालयात अशी कितीतरी आहेत, आणि त्या सगळ्यांची पुनर्मुद्रणं समोर पसरून बसलं की खोलीत माणसं शिरल्यासारखं होतं. नट्या, नर्तकी, पाद्री, जकात वसूल करणारे सावकार. बरेचसे हसण्याच्या बेतात असलेले. हसलेले नाहीत, काहीतरी चुरचुरीत बोलून झालंय आणि आता समोरच्याचं तोंड कसं होतंय ते बघतायत. ला तूरच्या तोंडी एक वाक्य घातलं जातं: ‘त्यांना वाटतं मी त्यांच्या चेहऱ्याच्या रेषा तेवढ्या टिपतो. पण मी त्यांच्या नकळत त्यांच्या तळाशी उतरतो आणि त्यांना सगळेच्या सगळे उचलून आणतो.’ फुशारकीच आहे. पण या निळ्या कागदांपुरती ती खरी आहे, आणि अंगरखा, खुर्ची, पडदा चढला की ती हळूहळू खोटी व्हायला लागते असं माझं मत.

दिदरोलाही असंच काहीसं टोचलं असावं. रूसोचं पेस्टल १७५३च्या सालोंमध्ये लागलं. रूसो तेव्हा नुकताच गाजायला लागलेला, साधेपणाचा आणि निसर्गाचा पुरस्कर्ता. दिदरोने लिहिलं की मला इथे आपल्या युगाचा केटो आणि ब्रूटस, म्हणजे जुन्या रोमन करारी माणसांसारखा कुणी, हवा होता, आणि दिसतोय तो ‘गावचा ज्योतिषी’ या संगीतिकेचा कर्ता, छान कपडे घातलेला, छान पावडर लावलेला, गवती बैठकीच्या खुर्चीवर हास्यास्पद बसलेला. रूसोला मात्र ते चित्र आवडायचं. माणसाला स्वतःचं कोणतं चित्र आवडतं आणि त्याच्या मित्राला कोणतं, हा झगडा आजच्या डीपीपर्यंत चालू आहेच. गंमत अशी की त्या संगीतिकेत नायिकेचं काम केलं होतं मारी फेलने, आणि मारी फेल ही ला तूरची आयुष्यभराची सखी. ऑपेरातली मोठी गायिका. तिने नाकारलं म्हणून ग्रिम नावाचा जर्मन साहित्यिक कित्येक दिवस अंथरुणावर पुतळ्यासारखा पडून राहिला होता, अशी नोंद रूसोनेच करून ठेवलीय. तिचाही चेहरा साँ-काँतँला आहे. डोक्याला गुंडाळलेलं कापड, मान किंचित कललेली, आणि पापण्यांच्या खाली थकवा. लग्न त्यांनी केलं नाही. त्याने तिला काढलं तेव्हा मात्र नेहमीची मिश्कील ठिणगी डोळ्यांत टाकली नाही. एवढ्या एका चित्रात तो गप्प आहे.

त्याचा एक कोतेपणाही सांगायला हवा. त्याच्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान पेरोनो नावाचा पेस्टलवाला वर येत होता. दिदरोची हकीकत अशी, की ला तूरने पेरोनोकडून स्वतःचं चित्र काढून घेतलं, स्वतःही स्वतःचं एक काढलं, आणि दोन्ही एकाच सालोंमध्ये लागतील अशी व्यवस्था केली. म्हणजे लोकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहावं. पेरोनो बिचारा गिऱ्हाइकं शोधत युरोपभर भटकला आणि १७८३ साली अॅमस्टरडॅममध्ये मेला. आज पेरोनोने काढलेला ला तूर लटकतोय कुठे, तर साँ-काँतँला, ला तूरच्याच घरच्या संग्रहालयात, ला तूरच्याच चेहऱ्यांच्या मध्ये. आणि तो चांगला आहे. हिरवट-करड्या सावल्यांचा, थोडा घमेंडखोर, पण माणूस दिसतो.

आता त्या भुकटीकडे परत. ती टिकवायची कशी, या प्रश्नाने ला तूरला आयुष्यभर सोडलं नाही. तेव्हाच्या पॅरिसमध्ये हा मोठा विषय होता. लोरिओ नावाच्या एका यंत्रकाराने १७५३ साली अकादमीपुढे पेस्टल पक्कं करायची आपली युक्ती दाखवली आणि ती इतकी वर्षं गुपित ठेवली की उघड झाली ती १७८० मध्ये. ला तूर आपल्या परीने वेगवेगळे द्राव आणि रोगण लावून पाहत राहिला. पण इथे एक पेच आहे आणि तो कोणत्याही द्रावाने सुटणारा नाही. पेस्टलची ती मखमल, तो आतून उजळल्यासारखा पांढरेपणा येतो कशातून? भुकटीच्या कणाकणांत हवा असते आणि उजेड त्या असंख्य कोरड्या कडांवर आपटून विखुरतो, यातून. द्रव टाकला की कण चिकटतात, हवा जाते, रंग गडद होतो, मखमलीचं मेण होतं. रांगोळीवर पाण्याचा थेंब पडलेला ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गुलाबीचा एकदम डाळिंबी डाग. वाळल्यावरसुद्धा तो डाग डागच राहतो.

द्रावापेक्षाही त्याला नडला तो त्याचाच हात. १७४६ साली अकादमीचा पूर्ण सभासद होताना त्याने आपले ज्येष्ठ मित्र, चित्रकार रेस्तू यांचं चित्र अकादमीला दिलं होतं. ते उत्तम होतं असं सगळे म्हणत. बऱ्याच वर्षांनी याने ते परत मागून घेतलं. सुधारायचंय म्हणाला. रेस्तूंच्या अंगावरच्या चमकदार रेशमाने लक्ष चेहऱ्यावरून उडतं, असं त्याचं म्हणणं. रेशीम उतरवून साधा तपकिरी कोट चढवला. मग कोटासाठी चेहरा बदलला. मग चेहऱ्यासाठी पुन्हा काही. शेवटी चित्र बिघडलं. म्हातारपणी त्याने अशी आपली किती चित्रं ‘सुधारली’ याची मोजदाद नको. तैलरंगात चुकलं तर खरवडून पुन्हा काढता येतं. भुकटीचा कागद एकदा भरला, त्याचे तंतू तुटले, की तो नवीन रंग धरतच नाही. वरून टाकाल ते खाली सांडतं.

१७८४ साली, ऐंशीचा होता होता, तो पॅरिस सोडून गावी परतला. गावाने घंटा वाजवून त्याचं स्वागत केलं. कारण गावाचं त्याने खरंच भलं केलं होतं. गरीब मुलांसाठी फुकट चित्रशाळा काढून दिली, म्हाताऱ्या कारागिरांसाठी पैसे ठेवले, आणि बाळंतपणाला आलेल्या गरीब बायकांसाठीही ठेवले. शेवटचं वाचताना मी थबकले. कारण साँ-काँतँच्या बाजूच्या १७२३ सालच्या न्यायालयीन कागदांत त्याच्या नात्यातल्या आन बुजिए नावाच्या मुलीची केस आहे. गरोदरपण लपवलं, मूल मेलेलं जन्मलं, म्हणून तिच्यावर खटला झाला. मुलाचा बाप कोण, तर पॅरिसमध्ये राहणारा चित्रकाराचा पोऱ्या, काँतँ द ला तूर. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याने तिच्यासाठी तेव्हा काय केलं याचा मागमूस नाही. तिचा चेहराही त्याच्या शेकडो चेहऱ्यांत नाही. पन्नासहून जास्त वर्षांनी बाळंतिणींसाठी लावून दिलेली ती रक्कम आणि तो खटला यांच्यात मी रेघ ओढते आहे, हे मला माहीत आहे. ती माझी रेघ. पुसली गेली तरी माझी हरकत नाही.

शेवटची चार वर्षं त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. बागेतल्या झाडांना मिठी मारून म्हणायचा, ‘लवकरच तू गरिबांना ऊब द्यायच्या कामी येशील.’ १७८८च्या फेब्रुवारीत गेला. पुढच्या वर्षी क्रांती झाली आणि केसांवरची पावडर, रेशमी कोट, बक्कल, त्याची अर्धीअधिक गिऱ्हाइकं, सगळंच झटकलं गेलं.

त्याच्या घरातली चित्रं भाऊ झाँ-फ्रांस्वाकडे आली आणि त्याने ती गावाला, चित्रशाळेच्या भल्यासाठी ठेवली. विकून पैसा उभा करायचा असं ठरलं. पण तोवर नेपोलियनचा काळ आला होता, कडक रोमन चेहऱ्यांची फॅशन होती, आणि या पावडरवाल्या हसऱ्या लोकांना पॅरिसच्या लिलावात भाव म्हणून आला नाही. इतके किरकोळ पैसे यायला लागले की विक्री आवरती घेऊन उरलेली चित्रं गावी परत नेली. म्हणून ऐंशीच्या वर पेस्टलं आज एका ठिकाणी आहेत. बाजाराने हिडीसफिडीस केलं, त्याचे असेही आभार मानावे लागतात.

आणि मग १९१४. साँ-काँतँ जर्मनांच्या ताब्यात गेलं, आघाडी जवळ आली, १९१७ साली गाव रिकामं करवलं गेलं. जर्मन लष्करात कलेचे जाणकार अधिकारी होते. त्यांनी ही पेस्टलं मोबज या गावी हलवली आणि तिथल्या एका दुकानात संग्रहालय थाटून त्यात मांडली. दुकानाचं नाव ‘ओ पोव्र दियाब्ल’, म्हणजे साधारण ‘गरीब बापडा’. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या पायांनी असल्या दुकानाची पायरी चढली नसती असे सावकार आणि दरबारी, तोफांच्या गडगडाटात, त्या दुकानात शांत हसत बसले होते. मागे त्यांचं घर, म्हणजे लेक्युये संग्रहालय, उद्ध्वस्त झालं. ते पुन्हा बांधून चित्रं परत जायला १९३२ उजाडलं. तोफेच्या दणक्यांनी किती भुकटी गळली असेल? पण चेहरे राहिले.

गेल्या दिवाळीत मी आत्याकडे गेले होते. आता तिला खाली बसवत नाही, गुडघे गेलेत. पाटावर वीतभर रांगोळी काढते आणि उंबऱ्याशी ठेवते. मी तिच्यासाठी ला तूरच्या एका चित्राची मोठी छापील प्रत नेली होती. १७४२चं चित्र. त्याचा मित्र, पाद्री ह्युबेर, जुना फ्रेंच निबंधकार मोंतेन वाचतोय. पुस्तक जाडजूड, उंचावर टेकवलेलं, आणि हा गोलमटोल माणूस त्यावर जवळजवळ आडवा झालेला. शेजारी दोन मेणबत्त्या. एक जळतेय. दुसरी विझलीय आणि तिच्यातून धुराची रेघ वर चाललीय. त्याला पत्ताच नाही.

आत्याने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. पाद्रीकडे तिने फारसं पाहिलंच नाही. धुराकडे बघत राहिली.

‘हा बोटाने नाही काढलेला,’ ती म्हणाली. ‘बोटाने काढला असता तर मातकट झाला असता. इथे पांढरं सोडलंय, अगदी थोडं, आणि मग’ — तिने चिमूट छापील कागदाच्या वर धरली, ओठ पुढे केले आणि हळूच फुंकर मारली.

मग पंख्याकडे बघून म्हणाली, ‘तो दोनवर ठेव जरा. पाट आहे दारात.’